माहुलीचा फेब्रुवारी

इसवी सन १६७० हे वर्ष मराठी माणसाला पाठ असते ते सिंहगडामुळे. ४ फेब्रुवारीच्या रात्री तानाजी मालुसरे पडले, गड आला, आणि पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले. ८ मार्चला निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर घेतला. पुढे लोहगड आला, कर्नाळा आला, रोहिडा आला. चार महिन्यांत सव्वीस-सत्तावीस किल्ले घेतल्याचे श्रेय सभासदाची बखर महाराजांना देते. या यादीत १६ जूनच्या तारखेला माहुलीचेही नाव येते आणि वाचणारा पुढे सरकतो. त्याच माहुलीवर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खुद्द शिवाजी महाराजांना माघार घ्यावी लागली होती, सुमारे हजार माणसे तिथे कामी आली होती, आणि ही माघार घ्यायला लावणारा किल्लेदार मनोहरदास गौड नावाचा रजपूत होता, ही गोष्ट यादीत मावत नाही. माझे म्हणणे असे आहे की १६७० चे पुनरागमन नीट समजून घ्यायचे असेल तर सिंहगडाइतकेच माहुलीकडे पाहायला हवे, आणि माहुलीकडे पाहायचे तर जूनच्या आधी फेब्रुवारीकडे पाहायला हवे. सिंहगडावर मराठ्यांचे शौर्य दिसते. माहुलीवर त्यांचे शहाणपण दिसते, आणि ते दिसण्यासाठी समोरच्या माणसाचा थंड डोक्याचा कस मान्य करावा लागतो.

दुखापत कुठे आणि किती खोल होती, ते आधी पाहू. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. त्यात २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांच्या पदरात गेला. महाराजांकडे उरले १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. गेलेल्या किल्ल्यांत माहुली होता, त्याचे दोन्ही शेजारी पळसगड आणि भंडारगडही होते. पुढच्या वर्षी आग्रा घडले: १२ मेचा दरबार, तिथला अपमान, नजरकैद आणि १७ ऑगस्टची सुटका. राजगडावर परतल्यानंतर जवळजवळ तीन वर्षे महाराजांनी मोगलांवर उघड चाल केली नाही. दक्षिणेचा सुभेदार शहजादा मुअज्जम याच्याशी सलोखा ठेवला, संभाजीराजांच्या नावाने मनसब घेतली, स्वतःसाठी ‘राजा’ हा किताबही बादशहाकडून येऊ दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस आता थकला, असेच वाटले असेल. १६६९ च्या अखेरीस सलोखा मोडला तेव्हा महाराज चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पंचवीस वर्षांची दगदग अंगावर होती, आणि ज्या किल्ल्यांच्या आधारावर राज्य उभे केले त्यातले बहुतेक शत्रूच्या हातात होते. हे तरुण बंडखोराचे पहिले धाडस नव्हते. सर्वस्व गमावून बसलेला जुना खेळाडू पुन्हा डाव मांडत होता, आणि अशा डावात पहिलाच मोठा फटका चुकला तर माणूस पुन्हा उभा राहत नाही.

आता जागा पाहू. आसनगाव स्टेशनावरून वायव्येकडे नजर टाकली की एक लांबलचक डोंगर दिसतो, मध्ये मध्ये खाचा पडलेला आणि दक्षिण टोकाशी सुळक्यांचा घोळका असलेला. नवरा, नवरी, भटोबा अशी त्या सुळक्यांची नावे. डोंगर एकच, पण त्यावर किल्ले तीन: उत्तरेला पळसगड, मधला माहुली, दक्षिणेला भंडारगड. मधल्या खिंडींमुळे एक घेतला म्हणजे दुसरा आपोआप हाती येत नाही. चहूबाजूंनी काळ्या बेसॉल्टचे कडे आहेत आणि कड्यांखाली दाट रान आहे, जे आज तानसा अभयारण्यात येते. पण माहुलीचे खरे महत्त्व त्याच्या कड्यांपेक्षा त्याच्या पायथ्याच्या मुलखात आहे. कल्याण बंदरातून घाटावर चढायला या भागात दोन जुन्या वाटा होत्या. एक शहापूर आणि कसाऱ्यावरून थळघाटाने नाशिककडे जाते. आजचा मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वे त्याच अंगाने चढतात. दुसरी मुरबाड आणि वैशाखऱ्यावरून नाणेघाटाने जुन्नरला जाते; त्या घाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून उभा आहे. भातसेचे खोरे आणि काळूचे खोरे, म्हणजेच आजचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके, या दोन वाटांचा पायथा आहेत. १६७० मध्ये कल्याण-भिवंडी मोगलांकडे, नाशिक मोगलांकडे, आणि नाणेघाटाच्या माथ्यावरचे जुन्नरही मोगलांकडेच होते. जुन्नरचा शिवनेरी तर महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. म्हणजे माहुलीच्या किल्लेदाराला दाणागोटा आणि कुमक तीन दिशांनी मिळू शकत होती: खाली कल्याणहून, कसाऱ्याच्या अंगाने नाशिकहून, आणि मुरबाडच्या वाटेने जुन्नरहून. हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवला नाही तर पुढची हकीकत केवळ शिड्या आणि तलवारींची होते.

या डोंगराशी भोसले घराण्याची एक जुनी, कडू आठवणही बांधलेली होती. निजामशाही बुडाल्यावर तिचा एक बालवारस पुढे करून शहाजीराजांनी ती तीनेक वर्षे तगवून धरली. १६३६ मध्ये शहाजहानने आदिलशहाला आपल्या बाजूला वळवले आणि मोगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान दोघे मिळून शहाजीराजांच्या मागे लागले. शेवटचा आसरा म्हणून शहाजीराजे माहुलीवर चढले. भर पावसाळ्यात वेढा पडला. पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, तो त्यांनी नाकारला. ऑक्टोबरात शहाजीराजांनी बालनिजामाला मोगलांच्या हवाली केले आणि माहुली सोडला. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे तेव्हा याच गडावर होते असे बरेच चरित्रकार मानतात. त्या वेढ्यात माहुलीचे कडे कोणी चढून गेले नाही. किल्ला पडला तो आजूबाजूच्या मुलखात एकही मित्र उरला नाही म्हणून. माहुली जिंकण्याची रीत १६३६ मध्येच उघड झाली होती. १६७० च्या फेब्रुवारीत मात्र ती बाजूला राहिली.

फेब्रुवारीचा हल्ला रात्रीचा होता आणि शिडीवरचा होता. या पद्धतीला जुन्या मराठीत माळ लावणे म्हणतात. काम मोजक्या माणसांचे असते आणि प्रत्येक पायरीवर जिवाचे असते. आधी एकदोन पटाईत गडी कपारीत बोटे रोवून अनवाणी कडा चढतात. त्यांच्या कमरेला दोर असतो. वर पोचल्यावर तो दोर ओढून माळ वर घ्यायची, एखाद्या झाडाच्या बुंध्याला किंवा तटाच्या दगडाला आवळून बांधायची, आणि मग खालची माणसे एकामागून एक चढू लागतात. माळ एका वेळी थोडक्याच माणसांचा भार घेते. म्हणून अशी एक घटका येते की निम्मी तुकडी वर, निम्मी खाली आणि काही जण मध्येच लोंबकळत असतात; वरच्यांना मागे फिरता येत नाही, खालच्यांना मदतीला जाता येत नाही. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते: वरचा पहारा झोपलेला असला पाहिजे. शिवाय फेब्रुवारीत या रानातला साग पानगळीला आलेला असतो. त्याची थाळीएवढी वाळकी पाने पायाखाली कशी वाजतात, हे शहापूरच्या रानात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मनोहरदासाचा पहारा झोपलेला नव्हता. राजा विठ्ठलदास गौड याचा हा पुतण्या गस्तीच्या बाबतीत कडक होता. त्याने वर आलेल्यांना गाठून कापले आणि उरलेल्यांना कड्यावरून खाली लोटले. हल्ला करणाऱ्यांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. या मोहिमेत मेलेल्यांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो. सिंहगडावर जी युक्ती तानाजींच्या प्राणाच्या मोलाने का होईना फळली, तीच माहुलीवर सपशेल फसली. फरक कड्याचा नव्हता. फरक वर जागा असलेल्या माणसाचा होता.

पुनरागमनाच्या गोष्टी आपण फार प्रेमाने ऐकतो, आणि त्या ऐकताना समोरच्या माणसाला हमखास विसरतो. ही खोड केवळ इतिहास वाचणाऱ्यांची नाही. गोल्फमधली सर्वांत गाजलेली पुनरागमनाची गोष्ट अमेरिकेच्या बेन होगनची आहे. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. पत्नीला वाचवण्यासाठी तो तिच्यावर आडवा झाला. कंबरेचे हाड, हासळीचे हाड, घोटा, बरगडी इतके मोडले, वर रक्ताच्या गुठळ्यांनी जीव धोक्यात आला. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो पेनसिल्व्हेनियातल्या मेरियन मैदानावर अमेरिकन ओपन खेळला आणि तिघांच्या बरोबरीनंतर झालेल्या निर्णायक फेरीत ६९ फटक्यांत जिंकला. होगनचा तिथला पाठमोरा फोटो जगाला माहीत आहे. निर्णायक फेरीत ७३ फटक्यांवर थांबलेला लॉइड मँग्रम कोणाला आठवतो? तो १९४६ चा विजेता होता आणि दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन परतलेला सैनिक होता. सोळाव्या होलवर तो होगनच्या फक्त एका फटक्याने मागे होता. चेंडूवर किडा बसला म्हणून त्याने चेंडू उचलून फुंकर मारली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. त्याने आरडाओरडा केला नाही. दंड ऐकून घेतला आणि उरलेला खेळ पुरा केला. मँग्रमसारखा भक्कम माणूस शेवटपर्यंत समोर उभा होता म्हणून होगनच्या विजयाला वजन आहे. प्रतिस्पर्धी किरकोळ असता तर मोडलेल्या हाडांची गोष्ट नुसतीच करुण राहिली असती. माहुलीच्या बाबतीत मनोहरदासाचे स्थान हेच आहे.

माघारीनंतर महाराजांनी काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही पाहावे लागते. त्यांनी माहुलीवर लगेच दुसरी माळ लावली नाही. हजार माणसे गमावलेला सेनापती सूडापायी त्याच कड्यावर पुन्हा डोके आपटतो, अशी उदाहरणे जगाच्या युद्धेतिहासात पावलोपावली आहेत. महाराजांनी डोंगर सोडला आणि सपाटीवर उतरले. पुढच्या काही आठवड्यांत मराठ्यांनी कल्याण-भिवंडी घेतले. तिथला मोगल ठाणेदार उझबेगखान मारला गेला. कोकणचा फौजदार लोदीखान जखमी होऊन हरला आणि मुलूख सोडून गेला. त्याच सुमाराला घाटावर मराठ्यांच्या तुकड्या जुन्नर, अहमदनगर आणि परांड्याच्या बाजूची गावे मारत होत्या, अशा पन्नासेक गावांची लूट नोंदलेली आहे. या बातम्या इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या ओळींत येतात, कारण त्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या आहेत. मुरबाड-शहापूरच्या नकाशावर त्या एकत्र ठेवल्या की एकच चित्र उमटते. कल्याण गेले, म्हणजे माहुलीचा खालचा दरवाजा बंद झाला. फौजदार पळाला, म्हणजे कोकणातून हाकेला धावून येणारा कोणी उरला नाही. जुन्नरच्या आजूबाजूला धुमाकूळ सुरू झाला, म्हणजे नाणेघाटातून मुरबाडकडे शिबंदी पाठवण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या पेठेची काळजी करावी लागली. माहुलीच्या तटाला हातही न लावता माहुली एकटा पडत गेला.

हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले असेल तर ते मनोहरदासाच्याच. या माणसाची खरी थोरवी मला हल्ला परतवण्यात दिसते त्याहून अधिक त्यानंतरच्या निर्णयात दिसते. विजय मिळाला होता, बादशहाकडून कौतुक होण्याची वेळ होती, आणि नेमक्या त्या वेळी त्याने किल्लेदारीचा राजीनामा दिला. भरवशाची कुमक आणि पुरवठा नसेल तर किल्ला टिकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता. औरंगाबादेत शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांच्यात हाडवैर पेटले होते. दिलेरखानाला शहजाद्याच्या छावणीत जायची भीती वाटत होती, शहजादा त्याच्यावर बंडाचा आळ घेत होता, आणि त्याच वर्षी हे भांडण इतके विकोपाला गेले की मराठ्यांना सोडून मोगल फौज आपल्याच सरदाराच्या मागे तापीपर्यंत धावली. ज्या सुभ्याचे दोन मोठे अधिकारी एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, त्या सुभ्याच्या एका टोकाला, कोकणातल्या रानात, एका डोंगरावर बसलेल्या किल्लेदाराने काय आशा धरावी? खानदेशातून आलेल्या दाऊदखान कुरेशीने मार्चअखेरपासून पारनेर-जुन्नरच्या बाजूने मराठ्यांना मागे रेटले हे खरे आहे. पण फिरती फौज आली की मराठे पांगत आणि ती गेली की परत येत. किल्ला फिरत्या फौजेवर जगत नाही, तो रोजच्या रसदीवर जगतो. मनोहरदासाच्या जागी अलावर्दी बेग आला. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली, पळसगड आणि भंडारगड तिन्ही घेतले, आणि अलावर्दी बेग सुमारे दोनशे माणसांसह मारला गेला.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. जूनमध्ये माहुली पडला तो मनोहरदास गेला म्हणून. म्हणजे बलाढ्य प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेल्यावर दुबळ्या माणसावर मिळवलेला हा विजय, त्याला पुनरागमन कसले म्हणायचे? गोल्फच्या मैदानावर हा आक्षेप टिकला असता. मँग्रम निर्णायक फेरीला आलाच नसता तर होगनच्या विजयाचे मोल नक्कीच घटले असते, कारण खेळात प्रतिस्पर्ध्याची परिस्थिती बिघडवणे हा खेळाचा भाग नसतो. युद्धात तो युद्धाचा गाभाच असतो. मनोहरदास आजारी पडून गेला नाही, त्याची बदली झाली नाही. ज्या कारणांसाठी त्याने किल्ला सोडला त्यातली निम्मी कारणे मराठ्यांनी निर्माण केली होती. राहिली निम्मी, म्हणजे मोगलांची आपसातली भांडणे. ती महाराजांनी निर्माण केली नव्हती, पण सलोखा मोडायची वेळ निवडताना त्यांच्या हिशेबात ती नव्हती असे मानणे भोळेपणाचे होईल. मुअज्जमाशी दोन-तीन वर्षांचा सलोखा ठेवणाऱ्या दरबाराला त्या छावणीतल्या कुरबुरी ठाऊक नसतील, हे पटत नाही. त्यातही अलावर्दी बेगाला दुबळा म्हणणे अन्यायाचे आहे. तो शरण आला नाही, लढून मेला. त्याच्या वाट्याला फक्त मनोहरदासाने आधीच ओळखलेली परिस्थिती आली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कल्याण-भिवंडी ही श्रीमंत पेठ होती, ती महाराजांनी १६५७ मध्येही घेतली होती. मग १६७० ची चढाई माहुली एकाकी पाडण्यासाठी होती असे कशावरून? जुन्नर-अहमदनगरची लूटही खजिन्यासाठीच असेल. मागाहून बसून सगळ्या घटनांना एकाच बेताच्या धाग्यात ओवणे ही इतिहास लिहिणाऱ्यांची जुनी सवय आहे, असे कोणी म्हणेल. महाराजांच्या मनातला बेत सांगणारा कागद पुढे करून या आक्षेपाला उत्तर देता येणार नाही. पण माझा दावा बेतापुरता नाही, क्रमापुरता आणि परिणामापुरता आहे. क्रम असा: आधी कड्यावर हल्ला आणि माघार, मग सपाटी, मग पुन्हा किल्ला. फेब्रुवारीतली माहुलीची माघार आणि लगेचची कल्याणची चढाई यांत इतके थोडे अंतर आहे की एकीचा दुसरीशी संबंध नव्हता असे म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यावा. आणि परिणाम असा की खजिन्यासाठी घेतलेली पेठ किल्ल्याची रसदही तोडते. एकाच चालीतून दोन कामे साधणे ही महाराजांच्या राजकारणाची ओळखच आहे. त्यातले एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. पहिल्या वेळच्या माहुलीविजयाचा क्रमही हाच होता, ही गोष्टही ध्यानात घ्यावी: १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी आणि १६५८ च्या जानेवारीत माहुली. बारा वर्षांनी, सिंहगडाच्या यशाच्या ऐन दिवसांत, हा क्रम उलटा करून पाहिला गेला. तो फसला, आणि काही आठवड्यांत मूळ क्रमावर परत येण्याइतके भान शाबूत होते. मी ज्याला शहाणपण म्हणतो ते हेच. चूक न होणे हे थोरपणाचे लक्षण मानून आपण महाराजांना अवघडून टाकतो. चूक कळताच रीत बदलणे त्याहून दुर्मीळ असते.

मनोहरदासाने किल्ला सोडला हे भित्रेपणाचे होते, त्याला धीराचा म्हणून का गौरवायचे, असेही विचारले जाईल. त्या सहा महिन्यांतल्या किल्लेदारांची नशिबे शेजारी ठेवून पाहावीत. सिंहगडावर उदेभान राठोड लढता लढता पडला. पुरंदरावर रजीउद्दीन कैद झाला. माहुलीवर अलावर्दी बेग मारला गेला. या सर्वांत मराठ्यांचा हल्ला परतवून दाखवला तो एकट्या मनोहरदासाने. भित्र्या माणसाचा पहारा फेब्रुवारीच्या त्या रात्री जागा राहिला नसता, आणि फितूर माणसाने राजीनामा लिहिण्याऐवजी किल्ल्याच्या किल्ल्या देऊन मोबदला घेतला असता. त्याने आपल्या धन्याला वेळेवर आणि खरे सांगितले. जिंकल्यानंतर छाती फुगवण्याच्या दिवसांत पुढचा पराभव बघू शकणारी नजर ही त्याच धीराची दुसरी बाजू आहे. धन्याने त्या इशाऱ्यातून बोध घेतला नाही, माणूस बदलला आणि परिस्थिती तशीच ठेवली. महाराजांनी नेमके उलटे केले.

राहता राहिली ती भावना, जी आक्षेप म्हणून क्वचितच बोलून दाखवली जाते. महाराजांच्या पराभवाची उजळणी कशाला? त्यातून ही माहिती मुख्यत्वे मोगलांच्या बाजूच्या फार्सी लेखनातून, त्यातही त्यांच्या चाकरीतल्या भीमसेन सक्सेनाच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’मधून येते, जदुनाथ सरकारांनी १९१९ मध्ये आपल्या इंग्रजी शिवचरित्रात ती मांडली. शत्रूच्या लेखणीवर विश्वास का ठेवावा? या शंकेत तथ्य आहे, आणि मेलेल्यांच्या आकड्याबाबत ती जरूर बाळगावी. विजयी बाजू असे आकडे फुगवतेच. पण हाच भीमसेन मोगल सरदारांचा आळस, लाचखोरी आणि आपसातली भांडणेही हातचे न राखता लिहितो. मनोहरदासाच्या विजयाची फुशारकी एवढाच हेतू असता तर त्यापाठोपाठचा राजीनामा आणि जूनचा पराभव लिहिण्याचे कारण नव्हते. आणि आपल्या बाजूचा विचार करू. माहुलीच्या कड्याखाली जी माणसे पडली, ती याच मावळातली आणि कोकणातली होती. सिंहगडावर पडलेल्यांची स्मारके आपण उभारली, पोवाडे गायिले. माहुलीवर पडलेल्यांची नावे कोणत्याच बखरीने राखली नाहीत, कारण तो हल्ला फसला. जे हरलेल्या लढाईत मेले त्यांचे मरण हलके मानायचे, हा न्याय महाराजांच्या राज्याला शोभणारा नाही. फेब्रुवारी विसरून आपण महाराजांचा मान राखत नाही, त्या हजार माणसांचा मात्र नाकारतो.

माहुलीची कहाणी १६७० वर संपत नाही. संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत मोगल अंमलदार मातबरखान याने तो पुन्हा घेतला. पण इथे पाहिलेल्या १६३६, १६५८ आणि १६७० या तीन वेळा हा किल्ला चढाईपुढे पडला. तिन्ही वेळा पायथ्याचा मुलूख आधी गेला होता. त्याचे कडे जिंकायचा प्रयत्न झाला तो मनोहरदास गौडाच्या काळात, आणि तो फसला. आज दर पावसाळ्यात आणि थंडीत मुंबई-ठाण्याची शेकडो तरुण मुले आसनगावला उतरून हा डोंगर चढतात. त्यांना वाट दाखवणारे शहापूरचे कार्यकर्ते, गडसंवर्धनाचे काम करणारी मंडळे आणि शाळांच्या सहली काढणारे शिक्षक यांना माझी विनंती आहे की माहुलीचा इतिहास सांगताना १६ जून १६७० बरोबर त्या वर्षीचा फेब्रुवारीही सांगावा. मोरोपंत पिंगळ्यांच्या नावाबरोबर मनोहरदास गौडाचे नाव घ्यावे, आणि माळेवरून पडलेल्या त्या अनामिकांसाठी गडाच्या पायथ्याशी एक दगड उभारावा.